कमळताईंची काच आणि माझं कोरं कार्ड

एका पेशंटला मी मरायला घरी पाठवत होतो.

कमळताईंनी पाठवू दिलं नाही.

त्या आज गेल्या. सकाळी चहा घेतला, जरा आडव्या झाल्या, उठल्याच नाहीत. ऐंशी पार केली होती. असं मरण मला आलं तर माझी काही तक्रार नसेल.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी कऱ्हाडकडचा, नवा कोरा डॉक्टर, बंदराजवळच्या जासई गावात दवाखाना टाकलेला. आजूबाजूला कंटेनर यार्ड, मातीचे भराव, साचलेलं पाणी. ताप म्हटला की पहिला संशय मलेरियाचा.

कमळताई गावातल्याच, माझ्या दवाखान्यात मदतीला. मलेरियाची स्लाइड बघायला त्या सरकारी दवाखान्यात शिकलेल्या. स्लाइडला त्या काच म्हणायच्या आणि मायक्रोस्कोपला भिंग. खिडकीच्या उजेडात तो जुना मायक्रोस्कोप मांडून बसायच्या.

मग एक कंपनीवाला टेस्ट कार्डांचं खोकं देऊन गेला. बोटातलं थेंबभर रक्त, पंधरा मिनिटं, रिपोर्ट हातात! दोन रेघा आल्या तर मलेरिया, एकच आली तर नाही.

मी तर हवेतच.

"कमळताई, तुमचं भिंग आता टाका माळ्यावर."

"टाकते की. पन काच घेतल्याबिगर माझा हात ऱ्हात नाय."

आणि खरंच, तापाच्या प्रत्येक पेशंटची काच त्या घेतच राहिल्या. मी चिडायचो. कशाला उगाच डबल काम?

एका दुपारी मंजुळा आली. सहा महिन्यांची पोटुशी, नवरा ट्रेलरवर ड्रायव्हर. चार दिवस ताप, डोळे पिवळे. बाहेर ही गर्दी.

कार्ड लावलं. पंधरा मिनिटांनी बघतो तर एकही रेघ नाही.

"मलेरिया नाही. कावीळ दिसते. उद्या रक्त वाशीला पाठवू, आज घरी जा."

कमळताईंनी कार्ड उचलून उजेडात धरलं.

"डॉक्टर, एक तरी रेघ याया पायजे व्हती ना? तुमीच शिकवलंत मना. हा कारड मेलाय."

पेशंटसमोर! माझं डोकंच सटकलं.

"कमळताई, इथे डॉक्टर कोण आहे?"

"तुमीच. म्हनून तर तुमाला सांगते."

मंजुळाला बाकावर निजवून त्या खिडकीशी बसल्या. तिची काच त्यांनी आधीच रंगवून ठेवलेली. मी तणतणत पुढचा पेशंट घेतला, पण लक्ष सगळं त्यांच्याकडे.

"इकडं या."

मी डोळा लावला. रक्ताच्या पेशींत बारीक बारीक कड्या, मलेरियाचे जंतू. एकेका पेशीत दोन-दोन. मेंदूत चढणारा मलेरिया, तोही गरोदर बाईला. घरी गेली असती तर दोन्ही जीव गेले असते.

क्विनाइन सुरू केलं. यार्डातली जीप मिळाली. तासाभरात मंजुळा वाशीच्या हॉस्पिटलात होती.

नंतर मी ते खोकं काढलं. महागाची वस्तू म्हणून मीच फ्रीजरमध्ये ठेवलं होतं, बर्फाच्या ट्रेखाली. वर स्वच्छ छापलेलं, गोठवू नये.

"बोंबील हायत काय, बर्फात ठेवाया?"

कमळताई अशा काही हसल्या, की मलाही हसू फुटलं. मग मी हळूच म्हणालो, "कुणाला सांगू नका हं."

"काय सांगायचं? पोरगी वाचली ना."

मंजुळाला मुलगी झाली. बर्फी माझ्या टेबलावर आली. डॉक्टर देवमाणूस, असं गावभर झालं. कमळताईंनी एक तुकडा उचलला, मिटक्या मारत खाल्ला आणि कामाला लागल्या.

इतक्या वर्षांत त्या एक शब्द बोलल्या नाहीत. मीही गप्प राहिलो. ऐकायला बरं वाटायचं, दुसरं काय!

मंजुळा, तू ही पोस्ट वाचशीलच. तुला मी नाही वाचवलं गं.

आज मला फोन करू नकोस. लेकीला घेऊन कमळताईंच्या घरी जा.

कमळताई, तुमच्या डॉक्टरचा मनापासून नमस्कार.