पाला खाणाऱ्याचं हाड

गुणवंतराव मास्तरांचा जीव एका हाडात अडकला होता. वरोऱ्याकडच्या त्यांच्या गावात नांगरताना निघालेलं, दगड झालेलं, हातभर लांब हाड पारावर पडलेलं असे. गाव म्हणे भीमानं मारलेल्या राक्षसाचं! पोर अशक्त झालं की बायका ते सहाणेवर उगाळून पाजत, राक्षसाची ताकद पोरात उतरावी म्हणून. एकोणीसशे सत्तावन्न साली मास्तरांच्या पत्रावरून नागपूरचे एक भूगर्भतज्ज्ञ पोळ्यानंतर तिसऱ्या दिवशी यायचे होते. तोवर हाड टिकावं, एवढंच मास्तरांचं मागणं.

वर्गात त्यांनी घसा फोडला. "राक्षस नव्हे रे, डायनासोर! तो होता तेव्हा माणूस जन्माला यायचा होता. भीमानं मारायला भीम कुठला? आणि सगळेच डोंगराएवढे नव्हते, काही कोंबडीएवढे होते."

पोरांनी माना डोलावल्या आणि पाटीवर डायनासोर काढला. समोर गदा घेतलेला भीम! मास्तरांनी कपाळाला हात लावला.

"गुर्जी, तो माणसं खाये ना?"

"माणसं होती कुठं, गाढवा? हा पाला खायचा, पाला!"

हे मात्र घरोघर पोचलं. दुसऱ्याच दिवशी मनकर्णाबाई शाळेच्या दारात उभी. तिच्या नातवाला महिनाभर हाड पाजलं होतं.

"गुर्जी, पाला खाये म्हन्ता, खरं काय?"

"अगदी खरं."

"मंग त्याची ताकद पोराले काय कामाची!"

त्या दिवसापासून सहाण थांबली. मास्तर हरखले. जिंकलो, असंच त्यांना वाटलं.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांचे खांदे हळद-तुपानं चोळून शेकण्याची गडबड होती. मास्तर पाराकडे आले, तर हाड नाही! तिथं लटारू शेतकरी घमेल्यात हळद, तूप आणि करडी भुकटी कालवत होता.

"लटारू, हाड कुठाय?"

"फोडलं, कुटलं, समद्याइले वाटलं. पाला खानाऱ्याची ताकद बैलाले लागन ना, गुर्जी. तुमीच तं सांगतलं."

मास्तर इतके ओरडले की बांधलेले बैल दचकले. मग खाली बसून त्यांनी माती चाळली. बोटभर तुकडा हाती लागला.

तज्ज्ञ आले. तुकडा उलटापालटा करून म्हणाले, "बाकीचं?"

मास्तरांनी चरायला निघालेल्या बैलांकडे बोट दाखवलं. सगळ्यांचे खांदे पिवळेधम्मक होते. अकरा वर्षं ते या गावाला शिकवत होते, आणि गावानं त्यांचं मनापासून ऐकलं ते हे पहिल्यांदाच.