कळेपर्यंत सुतक नसतं

नॉटिंगहॅमच्या मराठी मंडळात कुठलंही काम निघालं की कोणीतरी म्हणायचं, "शशिधर आहे ना." मखराचे सांगाडे, स्पीकर, समया, दोनशे स्टीलची ताटं, सगळं शशिधर खांबेटेच्या गॅरेजमध्ये ठेवलेलं असायचं. त्याची स्वतःची गाडी बाहेर पावसात भिजत उभी राहायची. लेस्टरहून गणपतीची मूर्ती तोच व्हॅनमधून आणायचा. तो एका हॉस्पिटलमध्ये ऑपरेशन थिएटरची हवा स्वच्छ ठेवणारी यंत्रं सांभाळायचा. ती बंद पडेपर्यंत कोणाच्या लक्षात येत नाहीत. मंडळात त्याचंही तसंच होतं, फक्त तो बंद पडत नव्हता.

त्याला एकच गोष्ट हवी होती. गणपतीच्या दिवशी कम्युनिटी सेंटरच्या हॉलमध्ये एक जोडपं पूजेला बसायचं. रेशमी वस्त्रं, नथ, समोर दोन-तीनशे माणसं, आणि मग वर्षभर "यंदाचे यजमान" अशी ओळख. त्या वेळी शशिधर पिवळं जॅकेट घालून कार पार्कमध्ये गाड्या मागे-पुढे करत असायचा. आरती ऐकू यायची, दिसायची नाही.

कराडहून अण्णाकाका दरवर्षी फोनवर विचारायचे, "बसलास का रे पूजेला?" वडील गेल्यावर शशिधरला या चुलत्यानेच वाढवलं होतं. कराडच्या एसटी डेपोत ते कंट्रोलर होते. पुतण्या विलायतेत गणपतीच्या पूजेला बसला, एवढं त्यांना पारावर सांगायचं होतं. शशिधर म्हणायचा, "पुढच्या वर्षी, अण्णा."

यंदा ते घडणार होतं. मंडळाचे अध्यक्ष श्रीकांत यांनी जूनमध्येच, पेट्रोल भरताना, त्याच्या खांद्यावर हात ठेवला होता. "यंदा तू आणि मधुमती बसा. मेक्सिकोला जातोय ना सगळे? तिथे फायनल करू."

मेक्सिको म्हणजे कानकूनजवळचं एक अवाढव्य रिसॉर्ट. सात स्विमिंग पूल, मुलांसाठी क्लब, मनगटावर एक पट्टी बांधली की खाणंपिणं दिवसभर फुकट. तीन कुटुंबं निघाली होती: श्रीकांत आणि त्यांची बायको सुहासिनी, मंडळात नवीनच आलेले हृदयरोगतज्ज्ञ अंशुमन आणि ईशिता, आणि खांबेटे तिघं. बुकिंग अर्थात शशिधरने केलं. ऑगस्टच्या सुट्टीत मँचेस्टरहून विमान सुटलं तेव्हा सगळ्यांचे पासपोर्ट त्याच्याच पाऊचमध्ये होते.

तिथे पोचल्यावर पहिल्याच संध्याकाळी कळलं की पूलजवळच्या सावलीतल्या खाटा पहाटेच टॉवेल टाकून अडवाव्या लागतात.

"शशिधर आहे ना," अंशुमन म्हणाला. नवा असून त्यालाही हे वाक्य पाठ झालं होतं.

मग रोज उजाडायच्या आत शशिधर सगळ्यांचे टॉवेल खांद्यावर घेऊन निघायचा. समुद्राने रात्रभर आणून टाकलेल्या तपकिरी शेवाळाचा कुजका वास सुटलेला असायचा. ट्रॅक्टर ते ओढून नेत असायचा. हा खाटांवर टॉवेल पसरून चिमटे लावायचा. नाश्त्याला सुहासिनीवहिनींना शंका यायची की बीन्स डुकराच्या चरबीत शिजवलेत का. हा स्वयंपाक्याकडे जाऊन "सिन मांतेका?", म्हणजे चरबीशिवाय ना, असं विचारून यायचा. तेवढं स्पॅनिश त्याने विमानातच पाठ केलं होतं.

"आपला शशिधर म्हणजे मंडळाचा रूम सर्व्हिस," श्रीकांत म्हणायचे. तो सगळ्यांच्या आधी हसायचा.

पंधरा वर्षांची अन्वी हसायची नाही. "बाबा, तू वेटर आहे का?" ती एकदा म्हणाली. "त्या लोकांना हात नाही का?"

"अगं, आपलीच माणसं आहेत."

"त्यांना तसा वाटत नाही," अन्वी म्हणाली आणि कानात इअरफोन घातले.

चौथ्या दिवशी पहाटे तो टॉवेल टाकत असताना फोन वाजला. अण्णाकाकांचा मुलगा अवधूत होता. कराडला संध्याकाळ झाली होती.

"दादा, अण्णा गेले. दुपारी जेवून पडले ते उठलेच नाहीत."

शशिधर उभा होता तिथेच उभा राहिला. त्याच्या हातात अंशुमनचा टॉवेल होता. त्याच्या डोक्यात पहिला विचार आला तो असा: सख्खा चुलता, म्हणजे दहा दिवसांचं सुतक. गणपती त्याच्या आत येतो.

अण्णाकाकांचा चेहरा त्यानंतर आठवला.

"दादा? ऐकतोयस ना?"

"अवधूत," तो हळू म्हणाला, "मला फोन लागला नाही असं समज."

"काय?"

"कळेपर्यंत सुतक नसतं. अण्णाच सांगायचे ना? ताईच्या लग्नात आत्या गेल्याचं लपवलं होतं आपण. तसंच. मला गणपती झाल्यावर कळलं, असं धर. मी पूजेला बसतोय रे यंदा. अण्णांचीच इच्छा होती."

पलीकडे कोणीतरी बाई मोठ्याने रडत होती.

"बरं," अवधूत म्हणाला. "नाही लागला फोन."

शशिधरने उरलेले टॉवेल टाकले. चिमटे लावले. खोलीत येऊन मधुमतीला सांगितलं. अन्वी शेजारच्या पलंगावर तोंडावर पांघरूण घेऊन पडली होती.

मधुमती उठून बसली. "अरे, रड तरी."

"डोळे सुजतील. श्रीकांतराव विचारतील."

"त्यांनी तुला वाढवलं, शशी."

"म्हणूनच बसायचंय मला पूजेला. नॉटिंगहॅमला पोचेपर्यंत एक शब्द नाही. कोणापुढेच नाही."

हिशेब पक्का होता. फक्त एक गोष्ट त्याने धरली नव्हती. अवधूतने त्याचा शब्द तंतोतंत पाळला. ज्या ज्या नातेवाइकाने विचारलं, "शशिधरला कळवलं का?" त्याला अवधूतने सांगितलं, "दादाला फोन लागत नाही." आणि मराठी माणसाला परदेशात मयताची बातमी पोचत नाहीये म्हटल्यावर नातलग गप्प बसत नाहीत. अण्णाकाकांची एक भाची, दिया, ब्रिस्टलला होती. तिने ब्रिस्टल मंडळातल्या मैत्रिणीकडून नॉटिंगहॅमच्या मंडळाचा ग्रुप गाठला.

दुपारी पूलवर रिसॉर्टच्या पोरांनी "बाबा लोकांची" स्पर्धा लावली होती. कमरेभोवती हूप फिरवायची. श्रीकांतनी शशिधरला पुढे ढकललं. "उतर रे. मंडळाची इज्जत आहे."

"नको हो, श्रीकांतराव. आज नको."

"आज काय झालंय? यजमान व्हायचंय ना? लोकांपुढे उभं राहायची सवय कर."

यजमान हा शब्द ऐकून तो उतरला. कोणीतरी त्याच्या डोक्यावर मोठी पेंढ्याची टोपी ठेवली. संगीत सुरू झालं. त्याचं पोट हूपच्या एक ठोका मागे हलत होतं. इंग्लिश, कॅनेडियन, मेक्सिकन, सगळी कुटुंबं टाळ्या वाजवत होती. श्रीकांत फोनवर चित्रण करत होते. त्याच पडद्यावर वरून संदेश उतरला.

"नॉटिंगहॅममधलं कोणी प्लीज शशिधर खांबेटे यांना कळवाल का? त्यांचे काका आज वारले. घरचे प्रयत्न करतायत, फोन लागत नाही."

श्रीकांतनी तो वाचला, सुहासिनीला दाखवला, आणि चित्रण चालूच ठेवलं. हूप खाली पडल्यावरच ते पुढे गेले.

"शशिधर, ये. बस इथे. टोपी काढ." ते अशा प्रसंगी आवाज छान खाली आणायचे. "वाईट बातमी आहे. तुझे काका गेले. कराडचे."

खाटांवरचे सगळे बघत होते. आता त्याला हे पहिल्यांदाच ऐकायचं होतं. त्याने तोंड उघडलं, "कधी?" म्हणाला, आणि दोन्ही हातांनी चेहरा झाकला. आणि मग, सकाळपासून अडवून धरलेलं खरंच आलं. त्याला आवरेना. खांदे हलायला लागले, घशातून विचित्र आवाज निघायला लागला. ओल्या चड्डीत, मनगटावर पट्टी बांधलेला तो माणूस अण्णाकाकांसाठी रडत होता.

अन्वी पाण्यातून बाहेर आली होती. तिला वाटलं बाबा पुन्हा या लोकांसाठी काहीतरी करून दाखवतोय.

"बाबा, stop it," ती म्हणाली. "तुला माहीत होता ना? सकाळी आईला सांगितला तू. तेव्हा नाही रडला."

मागे नवीन गाणं लागलं.

श्रीकांत हळूच हसले. "म्हणजे सकाळी रिहर्सल झाली वाटतं."

शशिधर रडतच होता. आता ते खरं आहे यावर कोणाचाच विश्वास नव्हता. सुहासिनीवहिनींनी त्याच्या खाटेजवळची आपली पिशवी उचलून पलीकडे ठेवली.

रात्रीच्या जेवणाला इटालियन रेस्टॉरंटचं टेबल त्यानेच आठवडाभर आधी राखून ठेवलं होतं. श्रीकांतनी पावाचा तुकडा मोडत विषय काढला.

"मी स्वतः हे सुतकबितक मानत नाही. पण मंडळ आहे. चारशे माणसं आहेत. त्यातून लपवलंस. देवाच्या कामात लपवाछपवी म्हटल्यावर लोक काय म्हणतील?"

"चुकलं माझं," शशिधर म्हणाला.

"तर आता ऐनवेळी कोण? अंशुमन, तुम्ही बसाल का?"

"आम्ही काय, तुम्ही म्हणाल तसं," अंशुमन म्हणाला.

ईशिताला आनंद लपवता आला नाही. "बरं झालं बाई, पैठणी वाया नाही जाणार. मेमध्येच येवल्याहून मागवली होती, जांभळी. श्रीकांतकाका म्हणालेच होते तेव्हा..."

अंशुमनने टेबलाखालून तिला पाय मारला. ती थांबली. मेमध्ये. पेट्रोल पंपावर शशिधरच्या खांद्यावर हात पडला तो जूनमध्ये. मधुमतीने काटा खाली ठेवला आणि नवऱ्याकडे पाहिलं. तिला वाटलं, आता तरी हा उठेल.

"जांभळा छान दिसेल," शशिधर म्हणाला. "मखराला पण यंदा तोच रंग आहे."

मधुमती उठून खोलीवर गेली. तिने कराडला जाण्यासाठी मुंबईचं तिकीट शोधलं, आणि तो परत आल्यावर फोन त्याच्यासमोर धरला. "नॉटिंगहॅमला उतरलास की दुसऱ्या दिवशी निघ. दहाव्याला पोचशील. अवधूतच्या पाया पड, लहान असला तरी."

"आणि लेस्टरहून मूर्ती कोण आणणार? व्हॅन दुसऱ्या कोणाला चालवता येत नाही."

तिने फोन बंद केला. त्यानंतर त्या सुट्टीत ती त्याच्याशी एक शब्द बोलली नाही.

निघायच्या आदल्या संध्याकाळी श्रीकांतनी त्याला लिफ्टमध्ये गाठलं. "उद्या सकाळी टॉवेल टाकशील ना रे? टॉवेलला सुतक नसतं." लिफ्टमधले अंशुमन, ईशिता हसले. तोही हसला. सकाळी खाटा तयार होत्या.

गणपतीच्या दिवशी त्याने व्हॅन आणली. मूर्तीला हात लावायचा नाही म्हणून तो स्टिअरिंगवरच बसून राहिला, बाकीच्यांनी ती उचलून आत नेली. मधुमती आणि अन्वी आल्याच नाहीत. तो पिवळं जॅकेट घालून कार पार्कमध्ये उभा राहिला. आत शंख वाजला. एकदा पाणी प्यायला तो हॉलच्या दारापर्यंत गेला तेव्हा एका बाईने मुलाला त्याच्यापासून मागे ओढलं. दहा दिवस उलटले नव्हते, आणि गोष्ट सगळीकडे पसरली होती. श्रीकांतचं ते हूपचं चित्रण ग्रुपवर फिरत होतं. त्याच्या वरच काका वारल्याचा तो संदेशही वाचता येत होता.

पूजा संपल्यावर श्रीकांत कपाळावर गंध लावून बाहेर आले. त्याच्यापासून एक हात अंतर राखून उभे राहिले.

"मखर मस्त झालं रे. उद्या खोलायला कोण कोण हवंय सांग." मग आवाज खाली आणला. "हे बघ, मी कोणाच्या मनात काही राहू देत नाही. पुढच्या वर्षी तू. मी बोलतो कमिटीशी."

शशिधर त्यांच्याकडे बघत राहिला. त्याचा चेहरा उजळत गेला. "खरंच, श्रीकांतराव?"

"शंभर टक्के. फक्त आधीच सांग, घरात आजारी वगैरे कोणी नाही ना? पुन्हा ऐनवेळी गोंधळ नको."

अण्णाकाकांच्या मागे कराडला काकू होती. अवधूतने पुन्हा फोन केला नव्हता, पण दियाने कालच कळवलं होतं की काकूने अन्नपाणी सोडलंय, हॉस्पिटलमध्ये ठेवलंय, ती सारखं शशीला बोलवा म्हणतेय.

"नाही नाही," शशिधर घाईघाईने म्हणाला. "सगळे ठणठणीत आहेत."