घासून ठेवलेलं दुकान

आमच्या मुंगीचा आणि विम्याचा संबंध तिच्या जन्माआधीपासूनचा. एकदा माझा मुलगा आणि सूनबाई स्वयंपाकघरात कडाकडा भांडत होते आणि मी दाराआड शेंगा निवडत, म्हणजे निवडायचं सोंग करत, बसले होते. सूनबाईचं म्हणणं, यानं स्वतःचा विमा उतरवावा. हा गरजला, "मी मरायची वाट बघतेस का?"

ती म्हणाली, "वाट कशाला बघू? तुम्ही कुठलं काम कधी वेळेवर केलंय?"

हसू दाबता दाबता माझ्या शेंगा सांडल्या. विमा काही त्यानं उतरवला नाही, आणि अजून तो ठणठणीत आहे. यंदा उन्हाळ्याच्या सुट्टीत कॉलेजनं मुंगीला विमा कंपनीत पाठवलं, तेव्हा सूनबाई खूश आणि हा म्हणतो, "झालं! घरातलंच माणूस फितूर."

मुंगी म्हणजे माझी नात. लहानपणी सदा स्वतःहून मोठं काहीतरी ओढत चालायची, म्हणून हे नाव. त्या कामाला इंटर्नशिप म्हणतात. मी दुसरीपर्यंत शिकलेली, मला एवढंच कळलं की काम नोकरीसारखं करायचं आणि पगाराचं विचारायचं नाही. पण मोठ्या साहेबांनी तिला सांगून ठेवलं होतं, काम चोख झालं तर शेवटच्या परीक्षेनंतर ही खुर्ची तुझीच. त्या खुर्चीसाठी पोरगी झिजत होती.

काम काय, तर ज्यांचं नुकसान झालंय त्यांना फोन करायचा, नुकसान तपासणारा सर्व्हेअर कधी येणार ते सांगायचं आणि त्याच्याबरोबर जाऊन फोटो काढायचे. कुणाचं जळलेलं, कुणाचं भिजलेलं. दिवसभर लोकांची मोडतोड बघून संध्याकाळी घरी यायची ती पिळून वाळत टाकलेल्या कपड्यासारखी. बुटांसकट पलंगावर आडवी. बूट मी काढायचे.

"आजी, तिथं माणसं रडत नाहीत गं," एकदा डोळे मिटूनच म्हणाली. "नुसतं दाखवतात. हे बघा, हे बघा. रडली असती तर बरं वाटलं असतं."

पुढचं सगळंही तिनं मला असंच, पाय चेपून घेता घेता सांगितलं.

एका टेलरबाईंच्या दुकानावरची पाण्याची टाकी फुटली आणि दुकान भिजून गेलं. अशा वेळी फोनवर एक वाक्य सांगायचंच असतं: सर्व्हेअर येईपर्यंत कशाला हात लावू नका, आहे तसं राहू द्या. मुंगी ते सांगायला तोंड उघडते तोच बाई म्हणाल्या, "अगं, एवढ्या चिखलात तुम्हाला बसवू कुठं? साहेब पहिल्यांदा दुकानात येणार!"

आता आईच्या वयाची बाई. तिला घाणीत बसून राहा, असं कसं सांगायचं? पोरीची जीभ रेटेना. म्हणाली, "तुमच्या सोयीनं करा, मावशी."

मावशींनी केलं. मुंगी आणि सर्व्हेअर पोचले तर दुकान आरशासारखं लख्ख. फुगलेली टेबलं फेकून दिलेली, रंग उतरलेले गिऱ्हाइकांचे कपडे भंगारात गेलेले, फरशी घासलेली. शिलाई मशीनं पुसून, तेल देऊन, वर धुतलेली चादर. दारात नवं पायपुसणं.

सर्व्हेअर निवृत्तीला टेकलेला, गुडघ्यांनी हैराण. तो दारातच थांबला. "बाई, भिजलेलं दुकान कुठलं?"

"हेच की. या ना, बसा."

"कपाळ माझं! आता इथं बघू काय? कुणी सांगितलं साफ करायला?"

बाईंचा चेहरा उतरला. पण मुंगीकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही. "कुणी नाही हो. हाताला सवय."

तिथंच सगळं मिटलं असतं. सामान स्वतःहून हलवलं म्हणून बाईंचा अर्ज नामंजूर, आणि मुंगीची खुर्ची शाबूत.

मुंगी म्हणाली, "सर, हात लावू नका म्हणून मी सांगितलंच नाही. उलट सोयीनं करा म्हटलं."

तो तिच्याकडे बघतच राहिला. "लिहून देशील?"

"देते."

"मग चूक आपल्या ऑफिसची ठरेल. साहेब काय म्हणतील, ठाऊक आहे ना?"

"ठाऊक आहे."

"मग बस आणि लिही. मला काही आता उभं राहवत नाही." असं म्हणून तो बाईंच्या एकुलत्या एका धड खुर्चीत बसला. मुंगी पायपुसण्यावर बसली आणि तिनं लिहून दिलं.

नंतर त्यानं मशीनच्या मोटारी उघडायला लावल्या. आतून गंजकं पाणी निघालं, त्याचे फोटो घेतले. टेबलं आणि कपडे मात्र गेले ते गेलेच. नसलेल्या वस्तूचा फोटो काय काढणार?

मोठे साहेब ओरडले नाहीत. "अनुभव आला ना? छान," एवढंच म्हणाले, आणि खुर्चीचा विषय त्यांनी परत काढला नाही. घरी कळलं तेव्हा सूनबाईनं तिला पाय बुडवायला गरम पाणी आणून दिलं. मुलगा म्हणाला, "सुटलीस!" आणि उगाचच खिडकीशी जाऊन उभा राहिला.

मी विचारलं, "वाईट वाटतंय?"

"आधी झोपू दे गं आजी. मग बघते, काय वाटतंय ते."

तिच्या शेवटच्या दिवशी मी डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेले होते, तिच्या ऑफिसशेजारीच. तिला घेऊनच घरी जावं म्हणून खालच्या बाकावर बसले. ती जिना उतरली, हातात हनुवटीपर्यंत फायली. वरच्या टेबलावर सह्या झाल्या की त्या खालच्या खिडकीत नेऊन पैसे सुटण्याचा शिक्का मारून घ्यायचा, हे तिचं रोजचं संध्याकाळचं काम. त्यात टेलरबाईंची फाइल होती, मोटारींपुरती मंजूर झालेली.

"ठेव तिथं," मी म्हटलं. "उद्या नेईल दुसरं कुणीतरी."

"उद्या सुट्टी आहे. आणि बाईंची मशीनं बंद आहेत."

रांगेत उभी राहिली. एका पायावरचा भार दुसऱ्यावर, दुसऱ्यावरचा पहिल्यावर. खिडकीतला कारकून म्हणाला, "काय गं, आज सुटलीस ना? अजून इथंच?"

"शिक्का मारा ना काका."

त्यानं मारला. तिनं शाईवर फुंकर घातली आणि पुढची फाइल आत सरकवली.