लांब उडीचा निकाल आणि इंगळे सर

उंद्रीच्या शाळेत संगणक शिक्षिका म्हणून रुजू व्हायला आले, तेव्हा एस.टी.तून उतरताच गळ्यात शिट्टी अडकवलेले एक गृहस्थ सामोरे आले. “मॅडम, आधी चहा. शाळा कुठं पळून नाही जात,” म्हणाले. क्रीडाशिक्षक भास्करराव इंगळे सरांची आणि माझी ती पहिली ओळख. आज सरांनी साठी पूर्ण केली, आणि मला आठवते ती जिल्ह्याची क्रीडास्पर्धा.

लांब उडीचे आकडे संगणकात भरण्याचे काम माझ्याकडे होते. निकालावर सही सरांची. आमच्या शाळेच्या कांचनची उडी ४.६२७ मीटर, लोणारच्या मुलीची ४.६२२. संगणक ते जवळच्या सेंटीमीटरला नेऊन दोनच दशांश दाखवत होता: ४.६३ आणि ४.६२. कांचन पहिली! विभागीय स्पर्धेला फक्त पहिली आलेलीच जाणार होती. आमची मुले नाचू लागली.

सर मात्र पडद्याकडे पाहत राहिले. “मॅडम, हे वर काऊन गेलं? अपुरा सेंटीमीटर सोडून द्याचा असते. मशीनले तसं सांगता येते का?”

“येतं की. ट्रंक नावाचं सूत्र आहे, पुढचे आकडे छाटून टाकतं.”

“ट्रंक? पेटी?”

मी हसत सूत्र घातले. दोन्ही उड्या ४.६२ झाल्या आणि माझे हसू मावळले. बरोबरी झाली की दुसरी चांगली उडी पाहतात. ती लोणारच्या मुलीची सरस होती. आधीच्या निकालावर कोणाचीच तक्रार नव्हती. तरीही सरांनी या नव्या निकालावर सही केली.

कांचन रडत म्हणाली, “सर, वरचे सात मिलिमीटर मी मारले नाही का?”

“मारले ना बाई. मी पाह्यले. पण नियमात ते धरत नाहीत.”

त्या संध्याकाळी सर स्वतः तिला घरी सोडायला गेले. मीही सोबत होते. वडील भडकलेच. “गुरुजी, आपल्याच पोरीले हरवलं तुम्ही?” सरांनी त्यांनाही नियम समजावून सांगितला. शेवटी तिच्या आईनेच ताटे वाढली.

दुसऱ्या दिवसापासून सर पहाटे मैदानावर कांचनचा सराव घेऊ लागले. पुढल्या वर्षी ती विभागाला गेली. तिथे पाचवी आली, पण सरांनी गावभर पेढे वाटले.

सर, आपल्याला उदंड आयुष्य आणि ठणठणीत प्रकृती लाभो. उंद्रीच्या मैदानावर आपली हाक अशीच ऐकू येत राहो. ती ऐकली की आजही आम्ही मोठी माणसे ताठ उभी राहतो.