आमचा एजंट, त्यांचा एजंट

चाकणच्या आमच्या छोट्या कंपनीत गाड्यांची रबरी सीलं बनतात. सीलं रोज टेम्पो भरून बाहेर जातात, पण किस्से डिस्पॅचच्या केबिनमध्येच साठत राहतात. त्यात गेल्या वर्षी तिथे ‘एजंट’ आला, आणि मग तर जागाच पुरेना!

हा एजंट म्हणजे सॉफ्टवेअर. आमचा माल घेणाऱ्या तळेगावच्या कंपनीकडेही तसाच एक. किती माल हवा, टेम्पो कधी सुटणार, हे दोघं आपापसातच ठरवतात. आपण नुसतं बघायचं.

साहेबांनी हे सांगितलं तेव्हा डिस्पॅचचे बबनराव खुर्चीतून उठलेच. माणूस चऱ्होलीचा, जुन्या शेतकरी घरातला. म्हणाले, “एजंट नगं साहेब. मागल्या एजंटानं आमच्या मळ्यात बारा मजली बिल्डिंग उभी केली!”

*

पहिल्या दिवशी ऑर्डर ठरली. आमच्या एजंटानं आभार मानले, त्यांच्यानंही मानले. मग आमच्यानं त्या आभारांचे आभार मानले. जेवणाच्या सुट्टीपर्यंत स्क्रीन भरली राव!

मी बंद करायला निघालो, तर कॉम्प्युटर सांभाळणाऱ्या साळवे मॅडम म्हणाल्या, “असू द्या हो. माझी आई आणि मावशी सांगवीच्या स्टॉपवर अशाच निरोप घेत घेत तीन बस सोडतात.”

*

खंडेनवमीला सगळ्या मशिनींना हार घातले. बबनरावांनी कॉम्प्युटरवरही झेंडूचं फूल ठेवलं. मग शेजारी आणखी एक.

“हे कुणाचं?”

“त्यांच्या एजंटाचं. त्यो बी दिवसभर राबतोच की!”

*

आता कदमांचं. कदम तळेगावच्या कंपनीत स्टोअरला. अकरा वर्षं रोज सकाळी दहाला त्यांचा बबनरावांना फोन यायचा. टेम्पोची चौकशी एक मिनिट, घरच्या गप्पा दहा मिनिटं. दोघांनी एकमेकांना कधी पाहिलेलं नव्हतं.

एजंट आले आणि फोन थांबला. तरी दहा वाजले की बबनराव खुर्ची फोनजवळ ओढून बसायचे.

एकदा साळवे मॅडमनी विचारलं, “तुम्हीच लावा ना फोन.”

“काम न्हाई, काय म्हणून लावू? त्यांच्या मंडळींचं ऑपरेशन व्हतं. काय झालं, कळंना.”

मॅडमनी ऑर्डरखालच्या शेऱ्यात टाईप केलं, ‘कदमांच्या मिसेसची तब्येत कशी आहे?’

त्यांच्या एजंटाचं लगेच उत्तर! ‘हा पार्ट आमच्या यादीत नाही. मेसेज स्टोअरकडे पाठवला आहे.’

“जाऊ द्या,” बबनराव म्हणाले आणि पॅकिंगकडे निघून गेले.

चार दिवसांनी दुपारी गेटवरून फोन आला. कुणी कदम आलेत, अपॉइंटमेंट नाही. बबनराव चपला न घालताच निघाले. त्यांच्या मागोमाग आम्हीही.

गेटवर पांढऱ्या केसांचा एक बुटका माणूस हातात डबा घेऊन उभा. दोघं एकमेकांकडे बघतच राहिले.

वॉचमननं रजिस्टर उघडलं. “काका, काम काय लिहू?”

कदमांनी डबा बबनरावांच्या हातात दिला.

“लिहा,” ते म्हणाले, “आज ती पहिल्यांदा ओट्यापाशी उभी राहिली.”