चाचीची टोपली

“हात ढिला सोड, बाई. हात माझाच हाय असं समज.” हे ऐकल्याशिवाय आमच्या गल्लीतल्या एकाही पोरीच्या हातात बांगडी चढली नाही. आमची बांगड्यावाली चाची सेनगावहून जीपनं फाट्यापर्यंत यायची आणि तिथून डोक्यावर टोपली घेऊन चालत गावात. अशी एखादी तुमच्याकडेही येत असेल. बांगडी फुटली तरी आमची चाची ती ‘वाढली’ म्हणायची. ‘फुटली’ हा शब्द तिच्या तोंडून मी कधी ऐकला नाही.

बांगड्या भरून झाल्या की आम्ही बायका-पोरी तिला वाकून नमस्कार करायचो, रीतच आहे ती. ती डोक्यावर हात ठेवून काहीतरी पुटपुटायची, अर्धं मराठी, अर्धं तिच्या घरचं उर्दू. आम्हाला दोन्ही लागू पडायचं.

माझं लग्न ठरलं त्या हिवाळ्यात दूरच्या शहरांतल्या दंगलींच्या बातम्या आल्या आणि आमच्या पारावरची हवा बिघडली. माझा चुलतभाऊ, दादा, सगळ्यांच्या पुढे. तिच्या जातीचं कोणी गावात दिसता कामा नये, असं त्यानं जाहीरच करून टाकलं. आई म्हणाली, आता चाची कसली येते, चुडा बाजारातूनच आणू.

चुड्याच्या दिवशी चाची आली. एकटीच.

मी ओसरीवरून बघत होते. पारासमोर पोरांनी काठ्या घेऊन तिला अडवलं. तिनं टोपली डोक्यावरून उतरवली, तोच दादानं ती फेकून द्यायला धरली. एक कड त्याच्या हातात, एक तिच्या. आणि चाचीनं आपले दोन्ही हात सोडून दिले.

“घे बेटा. तुझ्या बहिणीचा चुडा हाय त्यात. मी वढणार न्हाई.”

सगळा भार एकदम दादावर आला. काच खळखळली तसा तो दचकला आणि त्यानं टोपली छातीशी कवटाळली. शिवी द्यायला उघडलेलं तोंड तसंच उघडं. चाची रिकाम्या हातांनी समोर उभी होती.

“भेव न्हाई वाटत तुला?” दादानं विचारलं.

“लई वाटून राहिलं. पण पोरगी वाट पाहून राहिली असंल.”

दादा टोपली घेऊन आमच्या घराकडे निघाला, नव्या सुनेनं भरली घागर आणावी तसा जपून. मला रडता रडता हसू आलं. काठ्यावाली पोरं थोडा वेळ घुटमळली आणि पांगली.

त्या दिवशी माझा हात काही केल्या सैल होईना. चाचीनं तो नुसताच आपल्या हातात धरून ठेवला. मग एकही बांगडी न वाढता चुडा चढला. मी वाकले. दादा दारात ताठ उभा होता.

चाची जाऊन आता बरीच वर्षं झाली. मागच्या वर्षी दादाच्या मुलीचा चुडा भरायला चाचीची सून आली. फाट्यावरून टोपली दादानंच आणली. बांगड्या झाल्या, पोरी वाकल्या आणि त्यांच्यामागून दादाही वाकला. सून बिचारी गडबडून मागे सरली.

“तुला न्हाई, बाई,” तो म्हणाला. “तुझ्या सासूला. तवा नमस्कार राहून गेला होता.”