सोडतीच्या फाइलचं नाव

मी पोहण्याच्या तलावावर व्यवस्थापक आहे आणि प्रामाणिक आहे. यातली दुसरी गोष्ट मी कुणी न विचारताही सांगतो. बायको म्हणते, "तुमचा प्रामाणिकपणा म्हणजे गॅसवरचं दूध. लक्ष नसलं की उतू जातो."

लहान मुलांच्या सकाळच्या वर्गाला जागा वीस आणि अर्ज तिप्पट. दरवर्षी मी डब्यातून चिठ्ठ्या काढायचो आणि दरवर्षी पालक कुजबुजायचे, की साहेबांच्या बोटांना डोळे आहेत. यंदा तर माझ्या नातीचाच अर्ज होता. म्हटलं, आता बोटंच नकोत! साठीला टेकलेला मी हट्टाने पायथन ही कॉम्प्युटरची भाषा शिकायला बसलो. मुलगा हसला, हसू दे. त्या भाषेबरोबर 'रँडम' नावाचं एक तयार अवजार मिळतं, ते नावं पत्त्यांसारखी पिसून देतं. ते वापरून मी सोडतीचा प्रोग्राम लिहिला आणि घरी तो झकास चालला.

मग मला अवदसा आठवली. फाइलचं नाव होतं 'चाचणी दोन'. हे असलं नाव मोठ्या पडद्यावर पालकांना दिसणार? छे! सोडतीच्या सकाळी मी ते बदलून ऐटीत 'रँडम' करून टाकलं. शेवटच्या रांगेतूनही वाचता यावं, की इथे वशिला चालत नाही.

हॉल भरला. मी दोन शब्द बोललो, बायकोच्या मते दोनशे. मग बटण दाबलं. पडद्यावर लालभडक अक्षरं! पुन्हा दाबलं, पुन्हा तेच. मागून कुणीतरी म्हणालं, "बघा, मशीनलासुद्धा खोटं बोलवेना!" हशा पिकला. माझे कान तापले. उभ्या नोकरीत जपलेली अब्रू चारचौघांत गेली असं वाटलं, आणि खरं सांगतो, रडू यायचंच बाकी होतं.

पहिल्या रांगेत एक बाई होत्या. गेल्या वर्षी डब्यात हात घालून चिठ्ठ्या तपासणाऱ्या त्या ह्याच. मुलाला मांडीवरून उतरवून त्या उठल्या, तेव्हा मी मनात म्हटलं, संपलं! त्यांनी लाल अक्षरं नीट वाचली आणि विचारलं, "काका, फाइलचं नाव कधी बदललंत?"

"आज सकाळी. का हो?"

"अहो, कॉम्प्युटर ते अवजार शोधताना आधी तुमच्याच फोल्डरमध्ये बघतो. तिथे त्याच नावाची तुमची फाइल मिळाली, म्हणून तो तिलाच सांगतोय, नावं पिस. तिला कुठे येतंय!"

घ्या! वशिला नको म्हणून एवढा खटाटोप, आणि काम गेलं कुणाकडे, तर माझ्याच घरच्या फाइलकडे. बाईंनी फाइलचं नाव बदलून 'सोडत' केलं आणि मला विचारून बटणही स्वतःच दाबलं.

यादी उमटली. पहिलंच नाव माझ्या नातीचं, माझ्या आडनावासकट.

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. नात टाळ्या पिटत उड्या मारायला लागली आणि तिला कुठे लपवू असं मला झालं. "मी... मी काढतो तिचं नाव," म्हणत मी कीबोर्डकडे झेपावलो.

"हात लावू नका!" बाई कडाडल्या. मग लोकांकडे वळून म्हणाल्या, "बटण मी दाबलंय. शंका असेल त्याने मला विचारावं. आता एक जरी नाव हललं तर सोडत खोटी."

खुर्च्या सरकल्या, यादीचे फोटो काढून लोक पांगले. बाईही मुलाचा हात धरून निघाल्या. तो मागे वळून वळून तलावाकडे बघत होता.

मी आपला अजून पहिल्याच ओळीत अडकलेलो. पडदा बंद करायला गेलो तेव्हा कुठे यादी खालपर्यंत वाचली. वीस नावं संपल्यावर प्रतीक्षायादी होती, विसांतलं कुणी गळलं तर वर सरकणाऱ्यांची. तिच्यात पहिलं नाव त्या बाईंच्या मुलाचं होतं.